काटा उलटा चढतो: मॉरिस मायनरच्या पेट्रोल गेजच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, पार्ले

रामनवमी, त्यात रविवार. सकाळी सातला सोसायटीच्या आवारात कोणी हॉर्न मारत नाही, तेवढ्यात काम उरकलं.

गाडी मॉरिस मायनर १०००, १९५९ ची, ९४८ सीसी. वायरिंग मूळच्याच धाटणीचं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. तक्रार अशी: टाकी गळ्यापर्यंत भरली की काटा अर्ध्याच्या खाली. गाडी चालवत जावं तसा तो वर चढतो, पाव टाकी संपायच्या आत F ला (भरलेली) पोचतो आणि गाडी बंद पडेपर्यंत तिथेच ठाण मांडून बसतो. आधीचे मालक गाडी देताना म्हणाले होते, "चालवाल तेवढं पेट्रोल वाढेल!" ते स्वतः मैल मोजून पेट्रोल भरायचे.

आधी गेज कोणत्या जातीचं ते ठरवलं. हे न बघता लोक टाकीतला तरंगणारा फ्लोट बदलत सुटतात. या काळातल्या ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्स कंपनीचं जुनं गेज असतं: आत दोन कॉइल, मध्ये लोखंडाचा छोटा तुकडा, त्यालाच काटा. स्विच दिला की काटा टुणकन उडून जागेवर जातो. १९६४ च्या सुमारास दुसरी जात आली. तिच्यात तापणारी दुहेरी धातूची पट्टी असते, करंट दहा व्होल्टच्या स्टॅबिलायझरमधून येतो आणि काटा आळसावल्यासारखा सावकाश चढतो. दोघींचा हिशोब बरोबर उलटा. फ्लोट वर-खाली झाला की टाकीवरच्या युनिटचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बदलतो आणि गेज तोच वाचतं. जुन्यात टाकी रिकामी असेल तर रेझिस्टन्स शून्याजवळ, भरलेली असेल तर सत्तर ओमच्या आसपास. नव्यात रिकामीला अडीचशेच्या आसपास आणि भरलेलीला वीस-तीस.

माझा काटा टुणकन उडतो. म्हणजे जुनं.

तपासणी सोपी आहे. इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवली, कारण इंजिन बंद ठेवून स्विच चालू राहिला आणि इग्निशनचे कॉन्टॅक्ट पॉइंट मिटलेले असले की कॉइल तापत बसते. एसयू कंपनीचा, गाडीतला विजेवरचा पेट्रोलचा पंप थोडा टिकटिकला आणि गप्प झाला. मग डिकीत, टाकीच्या माथ्यावरच्या युनिटची वायर सोडवली: काटा F च्याही पलीकडे. तीच वायर बॉडीला टेकवली: काटा E वर (रिकामी). गेज ठणठणीत आहे, डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत वायरही धड आहे. मायनरमध्ये पेट्रोलचं गेज मधल्या मोठ्या स्पीडोमीटरच्या पोटातच बसवलेलं असतं, ते काढणं जिकिरीचं, त्यामुळे तिथे हात घालावा लागला नाही ही मोठी सुटका.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही. युनिटच्या टर्मिनलला बॅटरीची लाइव्ह वायर थेट लावून "करंट जातोय का" बघायचं नाही. आतली केसासारखी तार तिथल्या तिथे जळते.

९ एप्रिल

ऑफिसातून सुटल्यावर लॅमिंग्टन रोड. १०० ओमचा, तारेचा गुंडाळलेला पॉटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून रेझिस्टन्स कमी-जास्त करता येतो तो, घेतला, पाच वॉटचा. रेडिओच्या आवाजाला असतो तसला कार्बनचा चालत नाही, इथल्या करंटला तो टिकणार नाही.

रात्री डिकीतली वायर त्याला जोडली, दुसरं टोक बॉडीला. एका हाताने फिरवायचं, काटा रेघेवर आला की सोडवून मल्टिमीटरने मोजायचं. भाची सुट्टीला आली आहे, तिला पुढच्या सीटवर बसवलं.

"मामा, आता पावच्या रेघेला टेकला."

"टेकला की ओलांडला?"

"टेकला म्हटलं ना!"

शून्याला E. १७ ओमला पाव. ३३ ला निम्मा. ५० ला पाऊण. ७१ ला F. हे माझ्या गेजचे आकडे, आता युनिट याच आकड्यांशी जुळवायचं. कुठल्या तक्त्यात काय छापलंय त्यापेक्षा हा कागद जास्त कामाचा, म्हणून डिकीच्या झाकणाला आतून चिकटवला.

इंजिन चालू करून पुन्हा एकदा पाहिलं. डायनामो चार्ज करू लागला तरी काटा जागचा हलला नाही. दोन्ही कॉइल एकाच बॅटरीवर, त्यामुळे व्होल्टेज वाढलं की दोन्हींची ओढ सारखीच वाढते. स्टॅबिलायझरची भानगडच नाही. पन्नासच्या दशकातल्या माणसांनी फार हुशारीची गोष्ट केली आहे, मला आवडली.

१३ एप्रिल

टाकी उघडली. बॅटरीची वायर आधी काढली, मग हातपंपाने पेट्रोल लोखंडी जेरीकॅनमध्ये उपसलं. सेक्रेटरींनी गॅलरीतून विचारलं, "वास कसला?" खरं ते सांगितलं. वाळूची बादली शेजारी ठेवलेली पाहून ते गप्प बसले. हे पेट्रोल जपून ठेवायचं आहे, पुढे लिटर-लिटर ओतून माप घ्यायला हेच लागेल. हल्ली पंपावर सुटं पेट्रोल मागितलं की माणूस वर पाहतो.

सहा स्क्रू. दोन गंजून बसलेले, त्यांना रात्रभर तेल पाजलं होतं म्हणून सुटले. युनिट बाहेर आलं आणि कोडं सुटलं: प्लॅस्टिकचा फ्लोट, चकचकीत पत्रा, हल्लीच्या घडणीचा नग. फ्लोटचा हात खाली सोडला तर २४६ ओम, वर उचलला तर २९. म्हणजे नव्या जातीच्या गेजचं युनिट जुन्या गेजला जोडलेलं. भोकं जुळतात, वायर एकच, बसवणाऱ्याला संशय यायचं कारणच नाही. कुठल्या तरी गॅरेजने कधी तरी केलेलं काम. युनिट खराब नाही, गाडी चुकीची आहे.

कागदाशी ताडून पाहिलं. भरलेल्या टाकीला २९ ओम म्हणजे निम्म्याच्या किंचित खाली. पेट्रोल उतरून ७१ ओम झाले की F, त्यापुढे सगळं F च्या पलीकडे. तक्रारीतला प्रत्येक शब्द या आकड्यांत बसतो.

१९ एप्रिल

आता जुन्या जातीचं युनिट हवं. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारलं; पद्मिनीचं देतो, अँबॅसिडरचं देतो, मायनरचं नाव काढलं की चहा विचारतात. शेवटी चोर बाजारात, मटण स्ट्रीटच्या एका गाळ्यात, हेडलाइटच्या रिंगांच्या ढिगाखाली स्मिथ्सचं युनिट मिळालं. पितळी फ्लोट, वर शिक्का. मल्टिमीटर खिशात होताच. हात सावकाश फिरवला: १ ओमपासून सुरू, ७२ ला शेवट. मध्ये, तिशीच्या थोडं पुढे, आकडा गायब. तिथे तार तुटलेली असती तर पुढचं काहीच वाचलं नसतं. पुढचं वाचतंय म्हणजे नुसता मळ. ही गोष्ट दुकानदाराला सांगितली नाही, आकडा गायब होतो तेवढाच भाग पुन्हा पुन्हा दाखवला. ८०० सांगितले होते, ४५० ला दिलं.

बुचाच्या फ्लोटचंही एक होतं, दिसायला फार सुरेख. ते मुद्दाम सोडलं. बुचाला वरून लाखेचं, म्हणजे शेलॅकचं, पुट असतं आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. काही महिन्यांत बूच पेट्रोल पिऊन तळाला बसलं असतं.

२० एप्रिल

झाकण उघडून साफसफाई. आत एक चपटी पट्टी, तिच्यावर बारीक तारेचे वेढे शेजारी शेजारी, आणि त्यांच्या कडेवरून सरकणारी पितळी जीभ. वेढ्यांवर तपकिरी राळ साठली होती, शिळ्या पेट्रोलची. पॉलिश पेपर अजिबात नाही, तार इतकी बारीक की दोन घासण्यांत पातळ होईल. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना मऊ टूथब्रश, वेढ्यांच्या दिशेनेच. जिभेचं टोक मात्र कोऱ्या कागदावर घासून चकचकीत केलं, आणि तिचा दाब किंचित वाढवला. जास्त दाबली तर ती तारेत चर पाडते.

आता १ पासून ७२ पर्यंत आकडे सलग चढतात, मध्ये कुठे गचका नाही.

फ्लोट कानाजवळ नेऊन हलवला. आत पाणी असल्यासारखं खळकन वाजलं.

२३ एप्रिल

फ्लोट गळका आहे. भोक दिसत नाही, शोधावं लागतं. पातेलंभर पाणी स्वयंपाकघरात कढत केलं, गॅस बंद केला, आणि पातेलं गॅलरीत आणून त्यात फ्लोट चिमट्याने बुडवून धरला. आतली हवा तापली की वाट शोधते. पाच-दहा सेकंद काही नाही, मग दांडी जिथे जोडली आहे त्या कडेच्या शिवणीतून सुईच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांची एक सरळ माळ वर येऊ लागली. तिथे मार्करने खूण.

पेट्रोल आत असताना डाख द्यायचा नाही, हे सांगायला नको, तरी लिहून ठेवतो. समोरच्या बाजूला एक मिलीमीटरचं दुसरं भोक पाडलं, हाताच्या ड्रिलने, ठिणगीचा प्रश्न नको. पेट्रोल निथळलं, मग फ्लोट गरम पाण्याने भरून रिकामा केला, वास जाईपर्यंत. आता गॅलरीत दोरीला टांगला आहे, दोन्ही भोकं उघडी. एप्रिलचं पार्ल्याचं ऊन सकाळी दोन तासच मिळतं, पण उकाडा चोवीस तास आहे.

२७ एप्रिल

गिरगावातल्या इलेक्ट्रिशियन काकांकडे. सत्तरी ओलांडली आहे, दुकान अर्धं बंद, पण हत्यारं सगळी जागेवर. त्यांनी फ्लोट आधी नाकाला लावला, मग मला विचारलं, "किती दिवस सुकवलास?" उत्तर पटल्यावरच सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. जाड, जुनं, दीडशे वॉटचं आयर्न. ज्योत त्यांनी काढलीच नाही. पितळ पातळ असतं, ज्योतीने बाकीच्या शिवणीही सुटतात.

आधी शिवण. घासून पिवळंजर्द केलं, फ्लक्स, मग कथील इतकं पातळ की आधी आणि नंतर यातला फरक बोटाला लागतो पण डोळ्याला दिसत नाही. जास्त कथील म्हणजे जास्त वजन, जास्त वजन म्हणजे फ्लोट खोल बसणार. मग मी दुसरं भोक पुढे केलं तर हात झटकला.

"थांब रे. गरम असताना बुजवायला गेलास तर आतली हवा कथील उडवते, आणि पुन्हा सुईएवढं भोक. चहा घे."

फ्लोट पूर्ण गार झाल्यावर एका टेकवणीत भोक बंद केलं, आयर्न लगेच उचललं. पुन्हा कढत पाण्यात धरला, एकही बुडबुडा नाही. किचनच्या वजनकाट्यावर २ ग्रॅम वाढले, चालेल. पैसे घेतले नाहीत, पार्ल्याची बिस्किटं नेली होती ती ठेवून घेतली.

१ मे

महाराष्ट्र दिन, सुट्टी. टेबलावरची जुळणी. टाकीची आतली उंची बारीक पट्टीने मोजून पुठ्ठ्यावर खरी आकृती काढली: वर टाकीचा माथा, खाली तळ, युनिट माथ्यावर उभं. हात फिरवून फ्लोटचं टोक कुठे जातं ते पेन्सिलीने आखलं, प्रत्येक ठिकाणी ओम लिहिले. फ्लोट तळाला टेकायच्या थोडंसंच आधी १ ओम येतो. म्हणजे E दाखवलं की टाकीत खरोखरच काही उरत नाही. कारखान्यातून कसंही असो, मुंबईत हे मला नको. सी लिंकवर किंवा माहीम कॉजवेवर संध्याकाळी सातला गाडी बंद पडण्यापेक्षा काटा थोडा आधीच रडलेला बरा.

दांडी वाकवायची दिशा नीट समजून घ्यावी लागते. फ्लोटची दांडी वर वाकवली की तेवढ्याच पेट्रोलला जीभ खालच्या ओमवर राहते, गेज कमी दाखवतं. खाली वाकवली की जास्त. वाकवल्याने दोन्ही टोकं एकत्र सरकतात. खालचं टोक हवं तसं घेतलं की वरच्या टोकाला किंमत मोजावी लागते. भरलेल्या टाकीला काटा F ला पोचला नाही तरी माझं काही अडत नाही.

दोन पकडींनी, एक मुळाशी धरून आणि एक टोकाशी. मुळाशी पकड नसेल तर जोर जिभेच्या खुंटीवर जातो.

४ मे

बसवण्याचा दिवस, आणि आजची नोंद लांबणार.

बसवण्याआधी एक मोजणी, जी कोणी करत नाही. या गाडीत युनिटला वेगळी अर्थ वायर नसते. झाकणाचे स्क्रू, टाकीचा पत्रा, टाकीचे बोल्ट, मग बॉडी, असा अर्थिंगचा रस्ता. टाकी कधी तरी रंगवलेली आहे. टाकीच्या माथ्यापासून बॉडीपर्यंत मल्टिमीटर लावला: ६ ओम. ऐकायला काहीच नाही. पण माझ्या कागदावर पाव टाकी म्हणजे १७ ओम. म्हणजे टाकी कोरडी ठणठणीत असतानाही काटा अडीच लिटर पेट्रोल आहे असं सांगणार.

या जातीच्या गेजचा हा खरा दुर्गुण. अर्थिंग बिघडलं, वायर सैल झाली, जीभ मळली, काहीही झालं तरी रेझिस्टन्स वाढतो, आणि वाढलेला रेझिस्टन्स म्हणजे जास्त पेट्रोल. वायर तुटली तर थेट F. नव्या जातीत हेच सगळे बिघाड काट्याला रिकाम्याकडे ढकलतात. माणूस उगाच पंपावर जातो, एवढंच. जुनी जात बिघडली की खोटा धीर देते. म्हणून फ्लोट आणि दांडी यांच्याइतकाच वेळ मी अर्थिंगला दिला.

एका स्क्रूखालचा रंग खरवडून कथील लावलेला टॅग बसवला, तिथून जाड वायर डिकीच्या तळाला नव्या बोल्टवर, वर ग्रीस. आता ०.२ ओम, आणि मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरी तेवढं खातातच. पॅकिंग बुचाऐवजी नायट्राइल रबराचं कापलं. काढलेलं युनिट झाकणातून गळत नव्हतं, पण नवं पेट्रोल कशाला गळवेल याचा भरवसा नाही.

मग मापं. मायनरची टाकी साडेसहा गॅलनची, म्हणजे साडेएकोणतीस लिटर. एक लिटर ओतायचं, टाकीचं झाकण लावायचं, थोडं थांबायचं, मगच स्विच. भाची पुन्हा पुढच्या सीटवर, वही तिच्याकडे. तीन लिटरपर्यंत काटा E वर मेल्यासारखा. चौथ्या लिटरला हलला, तिने हॉर्न वाजवला, वरच्या मजल्यावरच्या आजींनी खिडकी लावली. पावच्या रेघेला ९ लिटर, निम्म्याला १५. मग जेरीकॅन संपला. उरलेलं पंपावर जाऊन भरलं. मुंबईत लिटरला १०३ रुपयांच्या वर मोजताना मापं किती काटेकोर होतात. गच्च भरल्यावर काटा F च्या एक काटाभर खाली थांबला.

खालच्या बाजूला चार लिटर पदरात ठेवून E. त्यातलं लिटरभर टाकीच्या तळाशी, पंपाला न पोचणारं धरलं तरी तीन लिटर हातात. मायनरला शहरात तेवढ्यात तीसेक किलोमीटर सहज निघतात.

११ मे

पार्ल्याहून सकाळी निघून वाळकेश्वरपर्यंत. सपाट रस्त्यावर काटा शांत. केम्प्स कॉर्नरच्या वळणावर पेट्रोल एका बाजूला लोटलं की काटा झुलतो, वळण संपलं की परततो. या गेजमध्ये झुलणं आवरणारं काही नाही, झुलणारच. मी बघत होतो ते वेगळं: तिशीच्या पुढच्या त्या मळलेल्या जागी काटा क्षणभर F कडे उडतो का. नाही उडाला. मलबार हिलच्या चढावर काटा काटाभर हलला, उतारावर परत आला. युनिट टाकीच्या बरोबर मध्यावर नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाचन घ्यायचं ते सपाटीवर.

१८ मे

काही नाही. निम्मी टाकी, निम्मा काटा.

२६ मे

पाऊस. हवामान खात्याने आजच मुंबईत मान्सून दाखल झाल्याचं जाहीर केलं. १९५० पासून इतक्या लवकर कधी आला नव्हता. ताडपत्री घालायच्या आत डिकीत पाणी. झाकणाच्या रबराचा खालचा कोपरा कडक होऊन उचलला गेलाय, तिथून धार थेट युनिटवर.

टर्मिनल ओलं असताना मुद्दाम मोजलं. पावसाच्या पाण्यातून गळणाऱ्या करंटचा रेझिस्टन्स हजारांत, सत्तर ओमच्या गेजला त्याचा पत्ताही लागत नाही. भीती आहे ती गंजाची, अर्थच्या टॅगखाली. पुसून सुकवलं, टॅग उघडून पुन्हा ग्रीस, टर्मिनलवर रबरी टोपी. अर्थिंग अजून ०.२.

८ जून

काटा E ला टेकला तिथून १२ किलोमीटर चालवून पंपावर. गाडीतल्या पंपाच्या टिकटिकीत फरक नव्हता. एसयूचा पंप हवा ओढू लागला की टिकटिक एकदम घाईची होते, ती ऐकायला कान तिकडेच होते. टाकीत २६ लिटर आणि थोडं बसलं. म्हणजे साडेतीनच्या आसपास शिल्लक होतं, हिशोबाबाहेर काही नाही.

पाऊण रेघेच्या आसपास गेज एखाद-दुसरा लिटर जास्त दाखवतं असा संशय आहे. तिथे मी हात लावणार नाही. काढलेलं नव्या जातीचं युनिट पुसून, त्यावर "२९ ते २४६" लिहून ठेवलं आहे. १९६४ नंतरची मायनर असलेल्या कोणाला हवं असेल तर घेऊन जावं. डिकीचं रबर पुढच्या रविवारी.